सुभेदारांची आडवी पृथ्वी

पहिल्याच भेटीत मी त्यांचा जगाचा नकाशा फिरवला आणि त्यांनी मला फिरवलं.

कुंडलच्या पलीकडच्या एका गावात हायस्कूलवर भूगोल शिकवायला मी नुकतीच लागले होते. राहायला खोली हवी होती. कुणीतरी सांगितलं, सुभेदारांच्या घरी मागच्या अंगाला खोली रिकामी आहे, माणूस लाखात एक, फक्त जरा वेगळा आहे. मी गेले, तर त्यांच्या पुढच्या सोप्यात एक टीपॉय, त्याच्या काचेखाली जगाचा नकाशा आणि चारी बाजूंना खुर्च्या. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी दाखवलेल्या खुर्चीवर बसले, तर सगळं जग उलटं. रशिया माझ्या गुडघ्याशी, ऑस्ट्रेलिया पार पलीकडे, अक्षरं डोक्यावर उभी. वाचता यावं म्हणून मी टीपॉय दोन्ही हातांनी धरला आणि अर्धा फिरवला.

"बाई, नकाशा फिरवू नका. तुमी फिरा."

दारात एक उंच, ताठ म्हातारा उभा होता. अंगात पांढरा शर्ट, पायात चकचकीत पॉलिश केलेले बूट. घरातसुद्धा बूट. त्यांनी टीपॉय होता तसा केला. फरशीवर त्याच्या चार पायांसाठी रंगानं चार ठिपके काढलेले होते, त्यांवर तो नेमका बसवला. मग मला खुर्चीसकट दुसऱ्या अंगाला नेलं.

"नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरंला लावलीया. आता तुमी कुटंबी बसा, दुनिया जाग्यावर ऱ्हाती."

"पण काका, नकाशा भिंतीवर लावतात ना?"

"भिंतीवर टांगला की वर-खाली तयार हुतं. वर कोण, खाली कोण, भांडाण सुरू. आडवा ठेवला की फकस्त हिकडं आन् तिकडं."

मला खोली मिळाली. सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, मी काका म्हणत राहिले.

फौजेत ते गाड्यांचे मिस्त्री होते. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांना अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर पाठवलं. बर्फावर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करायचं काम. तिथं ते अख्खं वर्ष राहिले. आठवड्याला एकदा घरी फोन करता यायचा. काकींनी पहिल्याच फोनवर घाबरत विचारलं होतं, "आवं, तितं उलटं लटकल्यागत वाटत न्हाई का?" ते म्हणाले होते, "तितंबी भाकरी तव्यावरच ऱ्हाती, छताला चिकटत न्हाई." हे वाक्य पुढं त्यांच्या तोंडी म्हणीसारखं बसलं. कुणी भलतीच शंका काढली की ते एवढंच म्हणत, "भाकरी तव्यावरच ऱ्हाती," आणि पुढच्या कामाला लागत.

ते परत आले तेव्हा गावानं मोठा सत्कार केला. तेव्हाच्या सरपंचांनी भाषणात जोरात सांगितलं, "आपले सुभेदार पृथ्वीच्या पार बुडाला जाऊन आले!" बायकांनी तोंडाला पदर लावले. पोरं तर पुढं कितीतरी दिवस "बुडाला जाऊन आले" म्हणत गल्लीतून हुंदडत होती. काका हार गळ्यात असतानाच उठले आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "मी बुडाला गेलो नव्हतो. तितंबी आभाळ डोक्यावरच हुतं, आन् बूट पायातच हुतं." एवढं बोलून खाली बसले. काकी सांगायच्या, त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात हे वर-खालीचं शिरलं ते शिरलंच.

पण त्यांचं म्हणणं आडमुठं नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. नदीचं पाणी जिकडं जातं ते खाली, हे त्यांना मान्य होतं. म्हणून "खाली सांगलीला" म्हटलेलं चालायचं. डोंगर चढून जायचं म्हणून "वर मेढ्याला" हेही चालायचं. टीव्हीवर मात्र कुणी "खाली दक्षिणेत पाऊस" म्हणालं, की ते टीव्हीला उद्देशून ओरडत, "दक्षिणेत म्हण की. खाली कशाला?" खाली म्हणजे एकच, पायाखाली, पृथ्वीच्या पोटाकडं. वर म्हणजे डोक्यावरचं आभाळ. मग माणूस कुठंही उभा असो. "आपल्या बरोबर पायाखाली, पार पलीकडच्या अंगाला निव्वळ समुद्र हाय," ते सांगत. "तितला मासा म्हणत असंल, बिचारी कुंडलाकडची माणसं, कशी लटकत असतील!"

मी कवठे महांकाळकडची. आमच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती, वर्षातले आठ महिने सगळं बिऱ्हाड पाठीवर. ऊसवाल्या गावात आमच्या भागाला लोक सहज "खालचा भाग" म्हणत. आमच्या शाळेतही मी "खालच्या भागातल्या बाई" होते. कुणी वाईट हेतूनं म्हणत नसे, म्हणून काही बोलताही येत नसे. एकदा जेवताना मी हे काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते बूट वाजवत आमच्या स्टाफरूममध्ये आले.

"बाईंचं गाव आपल्या गावापेक्षा उंचावर हाय," ते सगळ्यांना म्हणाले. "नदीचं पाणी त्यांच्याकडं न्यायला टप्प्याटप्प्यानं पंप लावून चढवावं लागतंय. मंग खालचं कोण?"

चहाचा एक घोट न घेता ते निघून गेले. त्यानंतर मला कुणी खालच्या बाई म्हटलं नाही. माझ्या मात्र कानाच्या पाळ्या दिवसभर गरम होत्या. माझ्या गावाच्या बाजूनं असं कुणी उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शाळेच्या पटांगणात पृथ्वीचा मोठा गोल बसवायचा हे त्यांनीच मनावर घेतलं. मुख्याध्यापकांनी आनंदानं होकार दिला. मे महिन्यात काकांनी अंगणात लोखंडी सळ्यांचा चार फूट रुंद गोल सांगाडा वेल्डिंग केला, त्यावर जाळी बांधली, सिमेंट चढवलं. पावसाळाभर तो गोल गोठ्याच्या छपराखाली होता आणि मी शाळा सुटल्यावर त्यावर रेघा मारत होते. आधी आडव्या-उभ्या रेषा, मग खंड. अंटार्क्टिका मात्र त्यांनी मला काढू दिलं नाही. ते स्वतः पालथे पडून, एका डोळ्यानं बघत, दोन रविवार त्याचा किनारा रंगवत बसले. आपला तळ जिथं होता तिथं त्यांनी काही खूण केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मला म्हाईत हाय की कुटं हुता तो."

दिवाळीनंतर गोल शाळेत नेला. मुख्याध्यापकांना वाटलं होतं, पुस्तकातल्यासारखा उत्तर ध्रुव वर, जरासा कललेला. काकांनी काय केलं? गवंड्याचा ओळंबा आणि माझ्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन त्यांनी गोल जवळजवळ आडवा केला. उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडं, किंचित उचललेला. दक्षिण ध्रुव दक्षिणेकडं, किंचित झुकलेला. आणि सगळ्यांत वर, अगदी माथ्यावर, आमच्या गावाचा लाल ठिपका.

त्यांनी मला कारण समजावून सांगितलं. आपण उभे आहोत ती जागा माथ्यावर आणायची आणि गोलाची उत्तर खऱ्या उत्तरेला लावायची. मग हा गोल आणि खरी पृथ्वी एकाच रोखानं असतात. खऱ्या पृथ्वीवर सूर्य जसा पडतो, तसाच तो या गोलावर पडतो. गोलाच्या ज्या भागावर ऊन आहे तिथं या क्षणी दिवस आणि जिथं सावली तिथं रात्र. वीज नको, यंत्र नको. मी भूगोलात एम. ए. केलं होतं आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गावानं मात्र दोन दिवसांत त्याला नाव पाडलं, झिंगलेली पृथ्वी. "सुभेदारांनी मिल्ट्रीची बाटली पाजली वाटतं हिला," पारावर लोक म्हणायचे. गोलाकडं मनापासून बघणारी एकच बाई होती, शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या आक्का. आक्कांची मुलगी नर्स होऊन न्यूझीलंडला गेली होती. "आई, हितं माणसांपेक्षा मेंढरं लय," असं ती सांगायची, म्हणून आक्कांना तो देश ओळखीचा वाटायचा. काकांनी त्यांना गोलावर ती जागा दाखवली, पार दक्षिण-पूर्वेच्या अंगाला, वाकल्याशिवाय दिसत नाही अशी. तिथं कणकेची बारीक गोळी चिकटवून त्यात आगकाडी उभी केली. आक्का भांडी घासून झाली की हात पुसत यायच्या, वाकून काडीवर ऊन आहे का बघायच्या आणि मगच मुलीला फोन लावायच्या. झोपेतून उठवायला नको म्हणून.

मग संस्थेच्या अध्यक्षांनी गोल पाहिला. प्रजासत्ताकदिनाला त्याचं उद्‌घाटन व्हायचं होतं, मोठा पाहुणा यायचा होता. त्यांनी बैठक बोलावली. काकाही होते.

"सुभेदार, तुमचा मान हाय," अध्यक्ष म्हणाले, "पर पावना म्हणंल, ह्या शाळंत पृथ्वीच पडलीया. ती नीट उभी करा."

"ती नीटच हाय."

"पुस्तकात अशी असती का?" अध्यक्ष माझ्याकडं वळले. "बाई, तुमी भूगोलाच्या. तुमी सांगा."

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. समोर ज्यांच्या सहीनं ती व्हायची ते बसले होते. मी खाली मान घालून म्हणाले, "पुस्तकातल्या चित्रात अशी नसते."

ठरलं. उद्‌घाटनाच्या आत गोल सरळ करायचा.

मी घरी गेले. काकांनी काही बोलावं, चिडावं असं मला फार वाटत होतं. ते अंगणात सायकलची साखळी साफ करत होते. मला बघून म्हणाले, "आलात? च्या घ्या." एवढंच. मी स्वयंपाकघरात काकींजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "काका काही म्हणाले का?"

काकी पीठ मळत होत्या. "म्हनले की. म्हनले, बाईंची नोकरी कच्ची हाय, त्यांच्यावर ही पाळी यायला नको हुती."

एखाद्यानं थोबाडीत मारावी तसं ते मला लागलं. त्यांनी माझ्या बाजूनं स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांना सुनावलं होतं. आणि मी एक अर्धवट वाक्य बोलून गप्प बसले होते. ते वाक्य खोटं नव्हतं, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

सकाळी मी एका कागदावर लेखी दिलं. पटांगणातला गोल भूगोलाच्या दृष्टीनं बरोबर आहे, पुस्तकातलं चित्र आणि हा गोल यांचं काम वेगवेगळं आहे आणि हे सगळ्यांसमोर पडताळून दाखवता येईल. खाली सही केली. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. "बाई, नीट विचार केलाय ना?" मी हो म्हटलं. अध्यक्ष रागावले, पण नकार देणं त्यांना जड गेलं असावं. बावीस डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी, दुपारी एक वाजता यायचं त्यांनी कबूल केलं. "खोटं ठरलं तर मातूर," ते म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "उनाला साक्षीला बोलावलंय तुमी. बरं केलं."

त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. मधली सुट्टी होती. सगळी शाळा, पारावरची निम्मी माणसं, अध्यक्ष, मुख्याध्यापक, सगळे गोलाभोवती. काकांनी फौजेतला कोट घातला होता. त्यांनी आधी सगळ्यांना दक्षिणेच्या अंगाला बोलावलं. अंटार्क्टिका पूर्ण उन्हात होतं, काठापासून काठापर्यंत. मग उत्तरेला नेलं. तिथं ध्रुवाभोवती सगळी सावली.

"आज तितं दिवस मावळतच न्हाई," दक्षिणेकडं हात करून काका म्हणाले. "आन् ह्यो उत्तर ध्रुव, ज्याला पुस्तकात वर ठेवत्यात, तो अंधारात हाय."

"हे आमाला कसं कळायचं खरं का खोटं?" अध्यक्ष म्हणाले. "तितं आपलं कोण हाय?"

"माझी पोर हाय की," आक्का गर्दीतून पुढं आल्या. न्यूझीलंडच्या आगकाडीची सावली आता खूप लांबली होती. उन्हाची कड तिच्या जवळ आली होती. काका म्हणाले, "थोड्याच येळात तितं दिवस मावळंल." आक्कांनी मुलीला व्हिडिओ फोन लावला आणि फोन उंच धरला. पडद्यावर मुलगी, तिच्या मागं हिरवा माळ आणि पिवळं पडलेलं ऊन. दुपारी दीडला आमच्या डोक्यावर ऊन तापलेलं आणि तिच्या तोंडावर दिवेलागणीचं ऊन. पोरांत कुजबूज झाली.

"ऊन हाय का गं?" आक्कांनी विचारलं.

"हाय आई. आता जाईलच."

सगळे गोलाकडं आणि फोनकडं आळीपाळीनं बघत होते. कड अजून गोळीपासून बोटभर लांब होती, तोच मुलगी म्हणाली, "गेला गं सूर्य."

अध्यक्ष हसले. "चुकलं की सुभेदार. तुमच्या काडीवर अजून ऊन हाय."

मी काकांकडं पाहिलं. काका काडीकडं बघत म्हणाले, "तिला इचारा, म्होरं डोंगर हाय का."

"हाय की," फोनमधून आवाज आला. "लय मोठा डोंगर हाय. त्याच्या आड गेला."

"मंग डोंगराच्या वरच्या ढगावर ऊन असंल."

"व्हय, ढग अजून लाल हायेत."

"थांबा तर," काका म्हणाले.

आम्ही थांबलो. आठ-दहा मिनिटं गेली असतील. कड सरकत सरकत कणकेच्या गोळीवर आली, काडीची सावली पसरून विरघळली, नाहीशी झाली. फोनमधून मुलगी म्हणाली, "आई, ढगबी काळं पडलं बघ. दिवे लावायला पायजेत." आणि पोरांनी अशी आरोळी ठोकली, की पटांगणाकडेच्या झाडावरचे कावळे उडाले.

आक्का वाकून गोलावरच्या त्या जागेकडं बघत राहिल्या. मग त्यांनी सिमेंटवरून हात फिरवला, जसा झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा. "झोप आता," फोनवर त्या म्हणाल्या. "खाऊन झोप."

अध्यक्ष बराच वेळ गोलाभोवती फिरले. माथ्यावरच्या लाल ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. "म्हंजे सुभेदार, आपलं गाव सगळ्यात वर हाय म्हणा की!"

"व्हय," काका म्हणाले. "आन् आक्काच्या पोरीचंबी. ज्याच्या त्याच्या गावात ज्याचं त्याचं गाव वर."

गोल आडवाच राहिला. प्रजासत्ताकदिनाला पाहुण्यांना अध्यक्षांनीच तो समजावून सांगितला आणि तोही अशा थाटात, की जणू ओळंबा त्यांनीच धरला होता. काका मागच्या रांगेत बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडं बघून हसले, तर त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. घरी आल्यावर म्हणाले, "सांगू दे की त्याला. त्यानं चार जणांना सांगितलं, ते चाळीस जणांना सांगतील."

काही वर्षांनी माझी बदली मेढ्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका शाळेत झाली. दोन महिन्यांनी एका टेम्पोत वेल्डिंगचं सामान घालून काका हजर. सत्तरी उलटली होती. पंधरा दिवस शाळेच्या एका खोलीत राहिले, स्वतःच्या हातानं चूल पेटवून भाकरी केल्या. गोल उभा राहिला, तेव्हा कोन मोजताना ते ध्रुव पुन्हा पुन्हा खाली-वर करत होते.

"तिकडचाच कोन ठेवा की सुभेदार," तिथला एक जण म्हणाला. "फरक तो किती?"

"पाऊण अंश."

"पाऊण अंशानं काय बिघडतंय?"

काका त्याच्याकडं वळले. "मंग हितल्या पोरांनी दुसऱ्याचं गाव डोक्यावर का घ्यावं?"

गेल्या वर्षी काका गेले. सकाळी बुटांना पॉलिश करून झालं, काकींना म्हणाले, जरा पडतो, आणि उठलेच नाहीत. शोकसभेला मी गेले. पटांगण भरलं होतं. फौजेतले जुने लोक आले होते, कधीकाळी "बुडाला जाऊन आले" म्हणत हुंदडलेली पोरंही होती, आता त्यांच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. काकी पुढं खुर्चीवर बसल्या होत्या.

अध्यक्ष बोलायला उठले. त्यांचंही वय झालं होतं. "बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "आज आपले सुभेदार आपल्याला सोडून वर..."

आणि थांबले.

सगळ्या पटांगणाला कळलं ते का थांबले. अध्यक्षांनी एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडं पाहिलं. "सुभेदार गेले," ते म्हणाले. "कुटं गेले ते मी सांगत न्हाई. चुकलं तर उठून बोलतील."

आधी काकी हसल्या. पदरानं डोळे पुसता पुसता हसल्या. मग सगळे.

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. पण एका गाड्यांच्या मिस्त्रीनं एका अख्ख्या गावाला एक साधा शब्द तोंडातून काढण्याआधी विचार करायला लावलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या माणसाच्या मागच्या खोलीत मी सहा वर्षं राहिले, हे मी कुणालाही मान वर करून सांगते.